सातपुड्यावरचे आभाळ आणि उसाची पाळी



होळी जवळ आली की खानदेशातली थंडी पाय काढते. पहाटे अजून घोंगडी हवीशी वाटते, पण दुपारी बांधावर उभे राहवत नाही. याच दिवसांत दुपारनंतर उत्तरेला सातपुड्याच्या माथ्यावर ढग चढू लागतात. आम्ही शेतकी विभागाची मंडळी गटागटांत फिरतो तेव्हा एक वाक्य हमखास कानावर येते, "साहेब, आभाळ आलंय, पाण्याची पाळी दोन-चार दिवस थांबवू." हे दोन-चार दिवस उसाला फार महाग पडतात. ते कसे, हे समजून घेऊ.

ऊन इतक्या लवकर का तापते?

जळगाव-धुळ्याचा मुलूख म्हणजे तापीचे खोरे. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर आणि पश्चिमेस सह्याद्री. समुद्राचा गारवा आपल्यापर्यंत पोचता पोचता संपतो. २१ मार्चच्या सुमारास दिवस-रात्र सारखे होतात आणि पुढे दिवस वाढतच जातो. गहू-हरभरा निघाल्यावर काळी जमीन उघडी पडते. तिच्यात ओल नसते, म्हणून उन्हाची सारी शक्ती माती आणि हवा तापवण्यातच जाते. मार्च अखेर पारा चाळिशीकडे सरकतो, तर मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे ४५ अंशही ओलांडतो. अलीकडे हा ताप लवकर सुरू होतो. १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत उष्ण मार्च २०२२ सालचा ठरला.

मग डोंगरावर पाऊस कसा?

तापलेली हवा हलकी होऊन डोंगरउतारावरून वर चढते. वर गेली की थंड होते. तिच्यात थोडी जरी वाफ असली तरी ढग बनतो आणि एखाद-दुसऱ्या टेकडीवर सर कोसळते. खाली खोऱ्यातली हवा मात्र कोरडी ठणठणीत. ढग आपल्याकडे सरकला तरी त्याचे थेंब पुष्कळदा वाटेतच विरतात. आपल्या वाट्याला येते ती वावटळ, धूळ आणि चार टपोरे थेंब.

आता हिशेब पाहा. समजा, ५ मि.मी.ची सर आपल्याच शेतावर पडली. एकरी सुमारे २०,००० लिटर पाणी झाले. आकडा मोठा दिसतो. पण कडक उन्हाळ्यात उघड्या भांड्यातले पाणी एका दिवसात १० मि.मी.च्या घरात उडून जाते. म्हणजे त्या सरीने एक दिवसही निभावला नाही! वरची माती काळी दिसली म्हणजे मुळाशी ओल गेली असे नव्हे.

अवकाळीचे प्रकरण मात्र वेगळे. भूमध्य समुद्राकडून हवेचे झोत उत्तर भारतावरून जातात, त्यांना खालून समुद्राची वाफ मिळाली की आपल्याकडेही वादळ-गारपीट होते. फेब्रुवारी-मार्च २०१४ ची राज्यभरातली गारपीट कोण विसरेल? मार्च २०२३ मध्ये ऐन होळीच्या सुमारास धुळे-नंदुरबारकडे झालेले नुकसानही ताजेच आहे. अशा वादळाची चाहूल हवामान खाते बहुधा आधी देते. दर मंगळवारी व शुक्रवारी निघणारी कृषी हवामान पत्रिका पाहत चला.

सभासदांनी काय करावे?

१) डोंगरावरचे ढग पाहून पाळी लांबवू नये. जमीन व वाढ पाहून उन्हाळ्यात ८ ते १० दिवसांनी पाणी द्यावे. शेतावर सर पडली, तरी आधी वीतभर उकरून ओल पाहावी, मग ठरवावे. सुरू लागणीचे कोंब या दिवसांत कोवळे असतात. ताण बसला आणि वर खोडकिडीने गाठले, तर फुटवे मरतात आणि ती तूट पुढे भरून निघत नाही.

२) खोडव्यातले पाचट पेटवू नये. सरीत पसरावे. ऊन थेट मातीला लागत नाही व ओल टिकते.

३) तोड आल्याशिवाय आणि गाडीची सोय झाल्याशिवाय उसाला कोयता लावू देऊ नये. तोडलेला ऊस उन्हात वाळतो, वजन घटते, आतली साखर मोडते. २४ तासांच्या आत ऊस गव्हाणीत पडलाच पाहिजे. वजनाचा तोटा तुमचा, उताऱ्याचा तोटा आपणां सर्वांचा.

४) अवकाळीचा इशारा असेल तर खळ्यावरचे धान्य झाकावे आणि फडातली वाट मोकळी ठेवावी. चिखलात रुतलेली गाडी सगळ्या गटाची तोड अडवते. विजा कडाडू लागल्या की झाडाखाली थांबू नये, बैलही बांधू नयेत.

आभाळ सातपुड्यावर दिसते, पण ऊस आपल्या पायाखालच्या ओलीवर जगतो. तेव्हा मान वर करण्याआधी एकदा माती मुठीत धरून पाहावी, एवढीच विनंती. कळावे.