आधी कोथिंबीर

'वेळेचे नियोजन' हे शब्द मी प्रथम कॉलेजात ऐकले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. पण ते काम मात्र मंडईत आईच्या गाळ्यावर लहानपणापासून पाहत आले आहे.

१८८६ साली 'रे मार्केट' म्हणून सुरू झालेली ही वास्तू आज महात्मा फुले मंडई आहे. घाऊक बाजार गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला, तेव्हा माल पहाटे तिकडून आणावा लागतो. माल आला की आई आधी कोथिंबीर-मेथी सोडते, पिवळी पाने काढते, ओल्या गोणपाटावर जुड्या मांडते. बटाट्याच्या पोत्याला लवकर हात लावीत नाही. बटाटा आठवडाभर थांबतो. सुकलेली कोथिंबीर संध्याकाळी निम्म्या भावानेही कोणी घेत नाही.

गेल्या वर्षी मी नेमके उलटे केले. जुन्या वह्या रंगीत शाईने सजवीत बसले (सजावटीला गुण नसतात!) आणि अर्थशास्त्राचा तास 'पुढे बघू' म्हणून सोडून दिला. पुस्तक बटाट्यासारखे थांबते. वर्गात समजलेले दोन दिवसांत सुकते. तो पेपर राहिला. आईला निकालपत्र वाचता येत नाही. तिने एवढेच विचारले, "मग आधी काय सोडलं होतंस?"

आता दुपारी गिऱ्हाईक तुरळक असते, तेव्हा गाळ्यावरच त्या दिवशीचा तास उघडते. फेरपरीक्षा ऐन दिवाळीच्या तोंडावर आहे, म्हणजे मंडईत गर्दीचे दिवस. त्याची तजवीज अजून जमलेली नाही.