दृष्टी आणि विस्मय

अद्‌भुत रसाचा स्थायिभाव विस्मय होय, असे भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात सांगितले आहे. हा विस्मय प्रेक्षकाच्या मनातला. पण पाहणाऱ्याच्या मनात तो जागवायचा, तर आधी तो कलाकृती घडविणाऱ्याच्या मनात असावा लागतो. चित्रकाराच्या बाबतीत तो डोळ्यांच्या वाटेने आत येतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. मग चित्रकाराचे डोळेच गेले, तर त्याच्या विस्मयाचे काय होते? शांतिनिकेतनचे चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जी यांच्या आयुष्याने या प्रश्नाचे उत्तर दिले आहे.

बिनोदबिहारींचा जन्म १९०४ चा. लहानपणापासूनच त्यांची दृष्टी अधू होती. एका डोळ्याने दिसत नसे आणि दुसऱ्याने अगदी जवळचे तेवढेच दिसे. अशा मुलाने १९१९ मध्ये शांतिनिकेतनच्या कलाभवनात चित्रकला शिकू म्हणावे, हे धाडसच होते. याला चित्रे काढणे जमेल काय, अशी शंका आचार्य नंदलाल बसू यांनाही आली. तेव्हा, मुलगा मनापासून काम करीत असेल तर त्याला त्याची वाट शोधू द्यावी, असा सल्ला रवींद्रनाथांनी दिला, असे सांगतात.

त्या काळी बंगालच्या चित्रकलेत पुराणकथा आणि इतिहास यांचे प्राबल्य होते. बिनोदबिहारी मात्र भोवतालच्या बीरभूमकडे वळले. तेथील तांबडी माती, पावसाने कोरून काढलेल्या घळी, एकेकटे उभे असलेले ताड आणि संथाळांच्या वाड्या त्यांच्या चित्रांत आल्या. ज्याला सारा देखावा एका दृष्टिक्षेपात दिसतो, त्याला त्याचे फारसे नवल वाटत नाही. ज्याला तो जवळ जाऊन, तुकड्यातुकड्याने पाहून मनात जुळवावा लागतो, त्याला परिचित वस्तूही दर वेळी नव्याने भेटते.

या जुळवणीचे फळ त्यांच्या भित्तिचित्रांत दिसते. १९४० मध्ये कलाभवनाच्या वसतिगृहातील छतावर त्यांनी बीरभूमचे ग्रामजीवन रंगविले. छताला वरची किंवा खालची बाजू नसते. म्हणून त्यांनी मधोमध एक तळे काढले आणि झाडे, झोपड्या, माणसे व गुरे त्याच्या चहूकडे पसरून दिली. पाहणाऱ्याने मान वर करून स्वतःभोवती फिरत ते पाहावे, अशी ही योजना आहे.

पुढे १९४६–४७ मध्ये त्यांनी हिंदी भवनाच्या भिंतींवर मध्ययुगीन संतांचे जीवन चितारले. ही पद्धत ओल्या गिलाव्याची. चुन्याचा लेप ओला आहे तोवरच रंग त्यात मुरतो; लेप वाळला की दुरुस्तीला वाव उरत नाही. एका दिवसात जेवढे रंगविता येईल तेवढ्याच भागावर गिलावा करायचा आणि तो सुकण्यापूर्वी हात आवरायचा. असे असूनही पूर्ण आकाराचा आराखडा आधी न काढता त्यांनी हे विस्तीर्ण चित्र उभे केले. कबीर, सूरदास, तुलसीदास हे संत तेथे नदीच्या प्रवाहासारख्या वाहणाऱ्या सामान्य जनांमधूनच चालताना दिसतात. आंधळे म्हणून परंपरेला ठाऊक असलेल्या सूरदासांना रंगविणाऱ्या त्या हातांवरही पुढे तोच प्रसंग यायचा होता.

१९५७ च्या सुमारास मोतीबिंदूची शस्त्रक्रिया असफल झाली आणि उरलेली दृष्टीही गेली. तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. ते कलाभवनात परतले आणि कलेचा इतिहास शिकवू लागले. पण हात स्वस्थ बसले नाहीत. कागदाची घडी बोटाला कळते, कात्रीने कापलेली कड चाचपता येते, मेणाला दाबून आकार देता येतो. ही साधने त्यांनी जवळ केली. कागद कापून चिकटवलेली चित्रे, मेणाच्या आकृत्या आणि रेखाटने यांतून त्यांचे काम चालू राहिले. १९७२ मध्ये कलाभवनाच्या भिंतीवर त्यांच्या योजनेने भाजलेल्या मातीच्या फरशांचे मोठे चित्र उभे राहिले. त्यांचे विद्यार्थी सत्यजित राय यांनी त्याच वर्षी त्यांच्यावर ‘द इनर आय’ हा लघुपट काढला. १९८० मध्ये बिनोदबिहारी निवर्तले.

जे गेले ते परत आले, असे मात्र नाही. कुंचल्याच्या पातळ रंगात उतरणारी बीरभूमची ती दुपार पुन्हा पाहून रंगविणे त्यांना शक्य नव्हते. पण कागदाच्या कापांतील ठसठशीत आकार आणि निखळ रंगही त्यांच्या आधीच्या चित्रांत नव्हते. कलेतील प्रयोग पुष्कळदा नावीन्याच्या हौसेने केले जातात, आणि हौस फिटली की ते थांबतात. बिनोदबिहारींचे प्रयोग गरजेतून निघाले. आधी अधू दृष्टीने आणि मग अंधत्वाने त्यांना प्रत्येक साधनाला एकच प्रश्न विचारायला लावले: तुझ्याने काय होईल? उत्तर ठाऊक नसताना हा प्रश्न विचारीत राहणे, हाच कलावंताचा विस्मय. आणि तो डोळ्यांवर अवलंबून नसतो.