उंचीपलीकडचे माप : स्पेनची शिकारी कुत्री

कुत्र्याची उंची डोक्यापर्यंत मोजत नाहीत. मान संपून पाठ सुरू होते तेथे खांद्याची हाडे वर आलेली असतात. त्या उंचवट्यापासून जमिनीपर्यंतचे अंतर म्हणजे कुत्र्याची उंची. एफ.सी.आय. या १९११ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय श्वानसंघटनेने स्पेनच्या जुन्या शिकारी जातींची मापे आपल्या मानकांत दिली आहेत. ती एकाखाली एक लिहून पाहिली तेव्हा मला नवल वाटले.

नर ‘गाल्गो’ ६२ ते ७० सें.मी., इबिझा बेटाचा नर ‘पोदेंको’ ६६ ते ७२ आणि बुर्गोसचा नर ‘पेर्दिगेरो’ ६२ ते ६७. माद्या थोड्या ठेंगण्या असतात. आकडे तर एकमेकांत मिसळलेले. पण ही तिन्ही कुत्री शेजारी उभी केली तर नुसत्या सावलीवरून वेगळी ओळखता येतील. मग फरक कशात आहे?

फरक कामात आहे. आमच्या घरी बैल घ्यायचा झाला तर वडील आधी छाती, खांदा आणि खूर पाहतात. शिंगे आणि रंग मागाहून. नांगराला काय लागते हे त्यांना ठाऊक असते. कुत्र्याचे शरीरही असेच वाचावे लागते.

गाल्गो उघड्या माळावर सशामागे धावतो, तोही नजरेच्या बळावर. म्हणून त्याचे डोके लांब व निमुळते, छाती खोल, पोट आत ओढलेले, कातडी अंगाला घट्ट बसलेली आणि शेपूट लांब असते. आपल्याकडचे कारवान कुत्रे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ही ठेवण परकी वाटणार नाही. सर्व्हान्टिसच्या ‘दोन किहोते’ (१६०५) या कादंबरीत नायकाची ओळख करून देताना लेखकाने त्याच्या घरच्या गाल्गोचाही उल्लेख केला आहे, इतका हा प्राणी तेथील ग्रामीण जीवनात मुरलेला आहे.

पोदेंको खडकाळ, झुडपांनी भरलेल्या जमिनीवर सशांची शिकार करतो. तेथे नजर फार दूर पोचत नाही. म्हणून त्याचे कान मोठे, ताठ आणि सतत फिरणारे असतात. नाक व कान यांच्या मदतीने तो झुडपातला ससा हेरतो आणि धाव न घेता, जागच्या जागी उंच उडी मारतो.

पेर्दिगेरोचे नावच तितराच्या स्पॅनिश नावावरून पडले आहे. पक्ष्याचा वास लागताच स्तब्ध उभे राहून शिकाऱ्याला जागा दाखवणे हे त्याचे काम. त्याला वाऱ्याचा वेग नको, शांतपणा हवा. डोके मोठे, कान लोंबते, गळ्याखाली कातडीच्या दोन घड्या आणि अंग भरदार, असा त्याचा थाट असतो.

चौथा ‘साबुएसो’. याचा नर ५२ ते ५७ सें.मी.चा, म्हणजे या सर्वांत बुटका. पण उंचीच्या मानाने अंग बरेच लांब. उत्तर स्पेनच्या डोंगराळ रानात तो जमिनीला नाक लावून रानडुकराचा माग काढतो आणि भुंकून शिकाऱ्याला आपला ठावठिकाणा कळवतो.

मात्र शरीरावरून काम कळले, तरी कूळ कळेलच असे नाही. पोदेंकोचे ताठ कान पाहून तो प्राचीन इजिप्तमधून आला असे पुष्कळ काळ सांगितले गेले. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक अभ्यासात मात्र ही जात प्राचीन जातींच्या गटात बसली नाही. चित्रातले साम्य हा वंशाचा पुरावा नव्हे, हे आपण इतिहासाच्या विद्यार्थ्यांनीही लक्षात ठेवण्याजोगे आहे.

शेवटी एक प्रश्न उरतो. ज्याचे शरीर माणसाने आपल्या कामासाठी सेंटिमीटरच्या हिशोबाने घडवले, त्याचे काम संपल्यावर काय? हिवाळ्यातला शिकारीचा हंगाम सरला की स्पेनमध्ये अनेक गाल्गो सोडून दिले जातात. त्यांना आसरा देणाऱ्या संस्था तेथे आहेत. २०२३ साली स्पेनने प्राणिकल्याणाचा नवा कायदा केला, पण शिकारी कुत्री त्यातून वगळली. याचे कारण तेच, की ती ‘कामाची’ कुत्री आहेत! छातीची खोली आणि पायांची उंची मोजणारे मानक आपल्याजवळ आहे. जबाबदारी मोजण्याचे मानक मात्र माणसाने अजून स्वतःसाठी तयार केलेले नाही, असे मला वाटते.