माणसं अडवली, पोती सुटली

(लेखांक ६)

मागच्या आठवड्यात पटकीच्या साथीत यात्रा का बंद करत, ते पाहिलं. पटकी माणसाच्या पोटातून पाण्यात उतरते. गर्दी अडवली की तिची वाट थोडीफार तरी अडते. प्लेग आला तेव्हा सरकारने हाच हिशेब धरला.

सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवी भागात गाठीच्या प्लेगचं निदान केलं. मांडवी म्हणजे गोदीजवळची, धान्याच्या वखारींची दाट वस्ती. पुढच्या काही महिन्यांत शहरातली जवळजवळ निम्मी माणसं कोकणात, देशावर, गुजरातेत निघून गेली. रोगाची भीती होतीच, पण रुग्णालयाची धास्तीही कमी नव्हती. ऑक्टोबरात गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला, तो याच धास्तीपोटी.

४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा आला. स्टेशनांवर डॉक्टर उतारूंच्या काखा-जांघा चाचपू लागले, संशय आला की रवानगी छावणीत. पुण्यात घरोघर शिरलेले सोजीर आणि २२ जूनला प्लेग अधिकारी रँडवर झाडलेली गोळी, हा भाग शाळेपासून सर्वांना पाठ आहे. झडतीच्या धाकाने लोक घरातला आजारी माणूस लपवू लागले, हे मात्र त्या मानाने कमी सांगितलं जातं. साथ रोखायची तर रोगी कुठे आहे ते कळायला हवं. इथे बंदोबस्तानेच ते झाकलं.

१८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत प्रयोग करून पिसवेकडे बोट दाखवलं. प्लेगने मेलेला उंदीर थंड पडला की पिसवा त्याला सोडतात आणि जवळचं ऊबदार अंग धरतात. मग ते माणसाचं का असेना. गाठीचा रोगी स्वतः सहसा दुसऱ्याला रोग देत नाही. (फुफ्फुसाचा प्लेग खोकल्यातून पसरतो, पण तो त्या मानाने विरळा.) पिसवा जातात त्या पोत्यांतून, चिंध्यांतून, वळकटीतून. उतारूची काख तपासली, पण त्याच लोहमार्गाने जाणाऱ्या धान्याच्या पोत्यांची नाडी कोण बघणार?

खेड्यांनी मात्र वेगळी वाट धरली. उंदीर पडू लागले की गाव ओस करायचं आणि रानात झोपड्या घालून राहायचं. मुंबई सोडणंही स्थलांतर आणि हेही स्थलांतरच. पण मुंबईकर गाठोडं घेऊन दुसऱ्या घरात, म्हणजे पुन्हा उंदरांच्या शेजारी जात होता, तर खेडूत मातीच्या भिंतींतली बिळं मागे टाकून उघड्यावर येत होता. माझ्या मते त्या काळातला हाच सर्वांत नेमका उपाय. पुढे सरकारी अधिकारीही गावं खाली करण्यावर भर देऊ लागले. अर्थात थंडी-पावसात झोपडीत काढलेले दिवस आणि मागे उघड्या पडलेल्या घराची काळजी, हा भार गावकऱ्यांचाच.

पुढच्या आठवड्यात १९१८ चा इन्फ्लुएंझा. जूनमध्ये मुंबईच्या गोदीवरचे पोलीस शिपाई तापाने पडले. तिथे रोग वाहणारा माणूसच होता. पण महायुद्ध चालू असताना जहाजं आणि आगगाड्या थांबवायला कोण तयार होणार होतं?