गाळमाती किती लागणार? आधी टेप, मग ट्रॉली



ऊस तुटून गेला, रान मोकळे झाले की उन्हाळ्यात गावोगाव गाळमातीच्या ट्रॉल्या धावू लागतात. 2017 साली शासनाने ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना सुरू केल्यापासून तलावातल्या गाळाचे महत्त्व सर्वांनाच पटले आहे. पण किती माती लागणार, असे विचारले तर बहुतेकांचे उत्तर एकच असते: “टाकू की चाळीस-पन्नास ट्रॉल्या!” हा अंदाज महागात पडतो. कसा, ते माझ्याच अनुभवावरून सांगतो.

माझ्या रानात बारा गुंठ्यांचा मुरमाड तुकडा आहे. तिथला ऊस कायम खुरटा. तीन इंच गाळ टाकायचे ठरवले. वाहतूकवाल्याने ट्रॉलीचा हौदा दाखवून “सव्वा ब्रास बसते” म्हणून सांगितले. मी चौतीस ट्रॉल्या मोजून घेतल्या, पैसेही चुकते केले. पावसाळ्यानंतर चार ठिकाणी खुरप्याने खणून पाहिले तर थर सव्वादोन इंचच! माती गेली कुठे? कुठेच नाही. ती आलीच नव्हती. हौदा दोन फूट उंचीचा, पण भरत होते दीड फूटच. मी ट्रॉल्या मोजल्या, माती मोजली नाही.

तेव्हा आता हिशेब बघू. तो अगदी सोपा आहे.

गुंठ्याला इंचाला ब्रास

गुंठा म्हणजे 33 फूट बाय 33 फूट, म्हणजे 1089 चौरस फूट. त्यावर एक इंच थर द्यायचा तर 1089 ला 12 ने भागा. साधारण 91 घनफूट येतात. ब्रास म्हणजे 100 घनफूट. म्हणजे एका गुंठ्याला एक इंच थरासाठी ब्रासला थोडी कमी माती लागते. चाळीस गुंठ्यांच्या एकराला इंचाला 36 ब्रास, आणि तीन इंचांना 109 ब्रास.

सातबाऱ्यावर क्षेत्र आरमध्ये असते. एक आर म्हणजे 100 चौरस मीटर. त्यावर एक सेंटिमीटर थराला बरोबर एक घनमीटर माती लागते. एका ब्रासात सुमारे 2.83 घनमीटर माती बसते.

माती बसते, त्याची भर

ट्रॉलीतली माती भुसभुशीत असते. एक-दोन पाऊस झाले, औत फिरले की ती दबते. म्हणून आलेल्या आकड्यात पाव हिस्सा वाढवावा. माझ्या बारा गुंठ्यांना तीन इंचांसाठी साधारण 33 ब्रास हवी होती. पाव हिस्सा धरून 41 ब्रास.

ट्रॉली स्वतः मोजा

हौद्याची आतली लांबी, रुंदी आणि माती प्रत्यक्ष जिथवर भरली आहे ती उंची, तिन्ही फुटांत घेऊन गुणाकार करा आणि 100 ने भागा. 10 × 6 × 2 म्हणजे 1.2 ब्रास. 41 ब्रासला चौतीस ट्रॉल्या होतात, हिशेब बरोबर होता. पण 10 × 6 × दीड म्हणजे फक्त 0.9 ब्रास. चौतीस खेपांत दहा ब्रास माती कमी पडली! खर्च बहुतेक वाहतुकीचाच असतो, म्हणून अर्धवट खेप म्हणजे डिझेलचा धूर. सौदा शक्यतो ब्रासवर करावा, ट्रॉलीवर नको.

ढीग कुठे टाकायचा

तीन इंच थराला सव्वा ब्रासची ट्रॉली साधारण 20 फूट बाय 19 फूट जागेला पुरते. रानात फक्कीने चौकोन आखून प्रत्येकात एक खेप ओतून घ्यावी. नाहीतर बांधाकडेला सहा इंच आणि मधे नुसता मुरूम, अशी गत होते. ओला गाळ वाळू द्यावा, ढेकळे फोडावीत आणि नांगरून तो खालच्या मातीत मिसळावा. नुसता वर पसरलेला थर कामाचा नाही. खोडव्यात गाळ टाकू नये. लागणीच्या आधी, रान मोकळे असतानाच हे काम उरकावे.

परसबागेसाठी

भगिनींनी घराजवळच्या वाफ्यांनाही हाच हिशेब लावावा. 20 फूट बाय 15 फूट जागेला सहा इंच माती म्हणजे 150 घनफूट, दीड ब्रास. पाव हिस्सा धरून दोन ब्रासला थोडी कमी. त्यात कुजलेले शेणखत मात्र मिसळलेच पाहिजे.

सर्वच रानाला गाळ नको

ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची. गाळ बहुधा चिकण असतो. हलक्या, मुरमाड जमिनीत तो ओल धरून ठेवतो, तिथे तो सोने आहे. पण भारी काळ्या, पाणी साचणाऱ्या रानात तोच गाळ निचरा अडवतो, आणि उसाला वर पाणी चालूच असते! मग जमीन चोपण व्हायला वेळ लागत नाही. म्हणून गाळ आणण्यापूर्वी त्याचे माती परीक्षण करून घ्यावे. सामू साडेआठच्या पुढे असेल किंवा क्षार जास्त असतील तर तो गाळ फुकट मिळाला तरी घेऊ नये. एकदा मिसळलेली माती परत वेचून काढता येत नाही.

तसेच गाळ म्हणजे खत नव्हे. शेणखत, प्रेसमड, हिरवळीचे खत यांना तो पर्याय नाही.

आणि जाता जाता, वीटभट्टीला वरची माती विकणाऱ्या बंधूंनी हाच हिशेब उलटा करून पाहावा. एकरातून सहा इंच माती उचलली की 218 ब्रास गेली. ती पुन्हा आणायला किती खेपा लागतील, किती डिझेल जळेल, ते वर दिलेच आहे.

तेव्हा यंदा ट्रॉली सांगण्यापूर्वी खिशात टेप असू द्या.

आपला,
शेतकी विभागातील एक सहकारी