सर्पगंधेच्या मुळीतले औषध

मंडळी, सर्पगंधेची मुळी तुमच्यापैकी काहींना ठाऊक असेल. वेड लागलेल्याला, झोप न येणाऱ्याला वैद्य-हकीम ती पिढ्यान्‌पिढ्या देत आले. मुंबईच्या डॉ. रुस्तम वकिलांनी १९४९ साली रक्तदाबावरील तिचा गुण जगापुढे मांडला. पण मुळी म्हणजे एक औषध नव्हे. ते अनेक द्रव्यांचे गाठोडे आहे. ते सोडवतात कसे?

मुळीचे चूर्ण मद्यार्कात भिजत घालतात. द्रव्ये त्यात उतरतात, त्यांच्याबरोबर राळही येते. अर्क आटवून त्यात पातळ आम्ल घातले, की ‘अल्कलॉइड’ जातीची बहुतेक द्रव्ये पाण्यात जातात आणि राळ मागे राहते. त्या पाण्यात अमोनिया घातला, की तीच द्रव्ये साका होऊन खाली बसतात. मग ती एकेक करून निवडायची. दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुझ्झमान सिद्दीकी आणि रफत हुसेन सिद्दीकी यांनी १९३१ साली अशी पाच अल्कलॉइडे काढली. हकीम अजमल खानांवरून एकाचे नाव ‘अजमलीन’ ठेवले.

पण मुळीने माणूस शांत का होतो, याचा उलगडा त्यांतून होईना. तो गुण होता मागे उरलेल्या राळेत! रेसर्पिन हे अल्कलॉइड दुबळे. ते इतरांबरोबर आम्लाच्या पाण्यात नीट जात नाही, राळेलाच धरून राहते. स्वित्झर्लंडमध्ये बाझल येथे म्यूलर, श्लिटलर आणि बाइन यांनी ते १९५२ साली वेगळे केले. गुरुजनहो, मुलांना हे अवश्य सांगा: तपासल्यावाचून गाळ फेकू नये.

स्फटिक हाती आले, तरी ओळख पटवावी लागते. ते किती उष्णतेला वितळतात, प्रकाश कसा शोषतात, कोणते अणू किती, हे पाहतात. रेसर्पिनच्या रेणूत कार्बनचे ३३, हायड्रोजनचे ४०, नायट्रोजनचे २ आणि ऑक्सिजनचे ९ अणू आहेत. अमेरिकेत वुडवर्ड यांनी १९५६ साली ते प्रयोगशाळेत घडवले, आणि रचनेवर शिक्कामोर्तब झाले.

याचा आपल्याला उपयोग काय? वाळलेल्या मुळीच्या हजार भागांत रेसर्पिन सुमारे एक भाग, तेही रोपागणिक कमीजास्त. मात्रा मात्र पाव मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी! जास्त झाले, तर रक्तदाब फार उतरतो, मन खिन्न होते. आज रक्तदाबावर याहून सोयीची औषधे आहेत. तेव्हा मुळी उगाळून अंदाजाने घेऊ नका, डॉक्टरांना विचारा. आणि मुळी खणली की रोप संपले, हेही ध्यानात असू द्या.