जास्त डिझेल म्हणजे जास्त ताकद?

कंदिलाची वात वाढवली की उजेड वाढतो. आणखी वाढवली, तर काच काजळते. डिझेल इंजिनातही असेच घडते.

पेट्रोल इंजिनात आत येणाऱ्या हवेवर नियंत्रण असते. डिझेल इंजिनात हवा सहसा अडवत नाहीत. कमी-जास्त होते ते इंधन. हे काम इंजेक्शन पंपाचे. पंपातल्या दट्ट्यावर तिरकी खाच असते. नियंत्रक दांडा सरकला की दट्ट्या स्वतःभोवती थोडा फिरतो आणि प्रत्येक वेळी नोझलकडे जाणारे डिझेल बदलते.

अमेरिकेत १९९४ ते १९९८ या काळातील डॉज राम ट्रकांच्या ५.९ लिटर कमिन्स इंजिनावर बॉशचा असा पंप होता. त्यातला दांडा किती सरकावा हे धातूची एक लहान पट्टी ठरवते. हौशी मंडळी ती घासतात किंवा बदलतात. डिझेल वाढते, ताकदही वाढते. पण कुठवर?

१ ग्रॅम डिझेल पूर्ण जळायला सुमारे १४.५ ग्रॅम हवा लागते. हवा तेवढीच ठेवून डिझेल वाढवत गेले, तर अर्धवट जळालेला कार्बन काळा धूर होऊन बाहेर पडतो. सिलिंडरमधले तापमानही वाढते; अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे पिस्टन वितळू शकतात. म्हणून टर्बोचार्जरने हवाही वाढवावी लागते.

हा धूर श्वासावाटे आत जातो तो रस्त्यावरच्या सर्वांच्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलचा धूर कर्ककारक ठरवला.

मुलांना विचारा: चढावर ट्रक काळा धूर ओकतो, तेव्हा काय कमी पडते? डिझेल की हवा?